निनावी नाणे
अंकीय चलनात नाव गुप्त ठेवण्याची गरज आणि तिचे गणित

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात रामकृष्णपुरम नावाची एक विस्तीर्ण वसाहत आहे. लोक तिला सोयीसाठी आर. के. पुरम म्हणतात. केंद्र सरकारच्या नोकरवर्गाला राहावयास घरे मिळावीत म्हणून ती वसविण्यात आली, आणि देशाच्या नाना प्रांतांतून बदलीवर आलेली कुटुंबे तेथे शेजारी शेजारी नांदत आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशा वसाहतीचे एक वैशिष्ट्य बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. सरकारी घरे वेतनाच्या पायरीप्रमाणे दिली जातात. त्यामुळे घराचा प्रकार पाहिला की घरधन्याचा पगार किती असावा, याचा अंदाज कोणीही करू शकतो. वेतन आयोगाचे अहवाल तर छापीलच असतात. शिवाय जो जिन्यात भेटतो तोच पुष्कळदा कार्यालयातही भेटतो. येथे माणसाच्या घरात पैसा किती येतो, हे गुपित नसते. गुपित राहते ते एवढेच की, तो जातो कोठे.

कोणी गावाकडच्या धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पैसे पाठवितो. कोणी एखाद्या मनोविकारतज्ज्ञाची फी देतो. कोणी आपल्या वरिष्ठाला न रुचणाऱ्या संघटनेची वर्गणी भरतो. यांपैकी एकही गोष्ट बेकायदेशीर नाही. तरीही ती जिन्यात चर्चिली जावी, असे त्या माणसाला वाटत नाही.

याच वसाहतीत टेकडीवर उत्तर स्वामीमलै हे कार्तिकेयाचे देऊळ आहे. दिल्लीकर त्याला ‘मलै मंदिर’ म्हणून ओळखतात. ते १९७३ साली उभे राहिले. दक्षिणेकडील देवळांत दानपेटीला ‘हुंडी’ म्हणतात. भाविक येतो, मूठ हुंडीच्या तोंडाशी नेतो आणि उघडतो. मुठीत एक रुपया होता की पाचशेची नोट होती, हे देवाखेरीज कोणास कळत नाही. आपल्याकडे अशा दानाला गुप्तदान म्हणतात आणि नाव कोरलेल्या संगमरवरी लादीपेक्षा त्याची योग्यता अधिक मानतात. दात्याला अहंकार होऊ नये आणि घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये, असा त्यातला दुहेरी हेतू आहे. आता पुष्कळ देवळांत दानपेटीशेजारी काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन लावलेला दिसतो. दूरध्वनी त्याच्यासमोर धरला की दान पोहोचते. परंतु त्याबरोबर दात्याचे नाव, रक्कम, दिवस, तास आणि मिनिट यांचीही नोंद होते. या दानाला गुप्तदान म्हणावे काय, हा प्रश्न वरवर धार्मिक भासतो. त्याच्या पोटात गणित आहे, कायदा आहे आणि थोडे समाजशास्त्रही आहे.

रोकड आणि वही

पैसा देण्याच्या मूलतः दोनच रीती आहेत. एकीत वस्तू हातातून हातात जाते. दुसरीत वस्तू जात नाही. कोणाच्या तरी वहीत एकाच्या नावे रक्कम कमी होते व दुसऱ्याच्या नावे वाढते. पहिल्या रीतीत नाण्याचा खरेपणा पाहावा लागतो, माणसाचा पाहावा लागत नाही. दुसऱ्या रीतीत नावावाचून काम चालतच नाही, कारण वहीतील खाते हे नावानेच उघडलेले असते. आपल्या जुन्या सराफांना हा भेद उत्तम ठाऊक होता. देवळातली हुंडी निराळी आणि सराफाची हुंडी निराळी; सराफाची हुंडी म्हणजे पैसे देण्याविषयीची चिठ्ठी. तिच्यातही पोटभेद होते. ‘धनीजोग’ हुंडीचे पैसे तिच्या धन्यालाच मिळत, ‘शाहजोग’ हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळत, तर ‘देखनहार’ हुंडी जो आणून दाखवील त्याला पैसे मोजून द्यावे लागत. ही देखनहार हुंडी म्हणजे कागदावरची रोकडच होय. नाव विचारण्याची सोय ठेवावी की न ठेवावी, हे व्यवहाराचे स्वरूप पाहून ठरवावयाचे असते, एवढे शहाणपण त्या पेढ्यांवर होते.

आजची आपली नित्याची देवघेव झपाट्याने वहीकडे गेली आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘यूपीआय’ या पद्धतीने भाजीवाल्याला चाळीस रुपये दिले, तर त्या चाळीस रुपयांची नोंद देणाऱ्याच्या बँकेत होते, घेणाऱ्याच्या बँकेत होते, मधल्या राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यंत्रणेत होते आणि ज्या कंपनीचे उपयोजन दूरध्वनीवर घेतले आहे तिच्याकडेही होते. शिवाय भाजीवाल्यालाही नाव दिसते. एका जुडी कोथिंबिरीसाठी हा खटाटोप मोठाच म्हणावयाचा. नोटेवरही क्रमांक असतो, हे खरे. पण तो क्रमांक कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला, हे टिपून ठेवणारा कारकून बाजारात बसलेला नसतो. नाण्यावर तर क्रमांकही नसतो.

डब्यातला पैसा

‘ज्याने काही वावगे केलेले नाही, त्याने लपवावे कशाला?’ असा प्रश्न नेहमी केला जातो. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते.

घरखर्चातून वाचविलेले चार पैसे डाळीच्या किंवा तांदळाच्या डब्यात ठेवण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी होती व आहे. नवरा व्यसनी असेल, सासर कडक असेल, मुलीच्या फीची वेळ आली असता घरात कोणी पैसे काढीत नसेल, तर हाच डबा उपयोगी पडतो. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजार रुपयांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्या, तेव्हा देशभरच्या अशा लक्षावधी डब्यांची झाकणे एकदम उघडावी लागली. नोटा बँकेत भरावयाच्या तर त्या कोणाच्या, कोठून आल्या, हे घरात सांगणे भाग पडले. काळा पैसा शोधण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात ही लहान मासळीही आली. अडीच लाख रुपयांपर्यंतच्या गृहिणींच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असे सरकारला त्याच वेळी जाहीर करावे लागले. आणि पुढे एका गृहिणीचे प्रकरण प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठापुढे गेले, तेव्हा २०२१ साली न्यायाधिकरणाने तोच दृष्टिकोन मान्य केला. वर्षानुवर्षे काटकसरीने साठविलेला पैसा हे अघोषित उत्पन्न मानता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. करखात्यापुढे त्या स्त्रीचे रक्षण झाले. घरातल्या माणसांपुढे उघडी पडलेली गाठ मात्र कोणतेही न्यायाधिकरण पुन्हा बांधून देऊ शकत नाही. नावाची गुप्तता ही केवळ सरकारपासून हवी असते अशी जी समजूत आहे, ती यासाठीच अपुरी ठरते. माणसाला ती शेजाऱ्यापासून हवी असते, मालकापासून हवी असते, व्यापाऱ्यापासून हवी असते आणि कित्येकदा सर्वांत अधिक आप्तांपासून हवी असते.

‘नाव पुसून टाका, बाकी नोंद राहू द्या,’ असा एक मधला मार्ग सुचविला जातो. तो किती फसवा आहे हे २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवून दिले. अकरा लाख माणसांच्या तीन महिन्यांतील क्रेडिट कार्डांच्या नोंदी संशोधकांनी घेतल्या. त्यांत नावे नव्हती, खात्यांचे क्रमांक नव्हते. तरीसुद्धा एखादा मनुष्य कोणत्या दिवशी कोणत्या दुकानात होता अशा केवळ चार गोष्टी माहीत असल्या, तर शंभरांपैकी नव्वद माणसांची संपूर्ण नोंद त्या ढिगाऱ्यातून वेगळी काढता येई. किमतीचा अंदाजही असला तर काम आणखी सोपे होई. पुरुषांपेक्षा स्त्रियांची ओळख अधिक सहजतेने पटे, असेही आढळले. आपण कोठे कोठे खर्च करतो, याची मालिका म्हणजे बोटांच्या ठशासारखीच एक खूण आहे.

कायद्यानेही हा मुद्दा ओळखला आहे. कॅनरा बँकेच्या एका प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, ग्राहकाने आपली कागदपत्रे बँकेच्या हवाली केली म्हणून त्यांवरील त्याचा खासगीपणाचा हक्क संपत नाही. हा हक्क जागेला चिकटलेला नसून माणसाला चिकटलेला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली याच्या उलट मत दिले होते, आणि आपल्या न्यायालयाने ते स्वीकारले नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. मात्र हक्क मान्य होणे निराळे आणि यंत्र तो हक्क पाळील अशा रीतीने बांधणे निराळे. यंत्राची ही बांधणी कशी करावी, याचा मार्ग एका गणितज्ञाने पुष्कळ आधी शोधून ठेवला होता.

झाकलेली सही

अमेरिकन संशोधक डेव्हिड चौम यांनी १९८२ साली एका परिषदेत एक निबंध वाचला व तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढील प्रश्न असा होता: बँकेने नोट खरी असल्याची सही तर करावी, पण सही करताना नोटेचा क्रमांक तिच्या दृष्टीस पडू नये. हे कसे साधावे?

ऐकताना हे अशक्य वाटते. पण एक लिफाफा घ्या. त्यात एक कोरी चिठ्ठी ठेवा, तिच्यावर आपल्या मनातला क्रमांक लिहा आणि वर कार्बनचा कागद ठेवून लिफाफा बंद करा. बँकेचा अधिकारी तुमच्या खात्यातून एक रुपया वजा करतो आणि बंद लिफाफ्यावर जोराने सही करतो. घरी येऊन लिफाफा फाडा. आतल्या चिठ्ठीवर सही उमटलेली आहे. परंतु चिठ्ठीवर कोणता क्रमांक होता हे सही करणाऱ्याने पाहिलेले नाही. ही चिठ्ठी दुकानदाराला दिली व दुकानदाराने ती बँकेत भरली, तर बँक आपली सही ओळखते आणि त्याच्या खात्यात रुपया जमा करते. ती चिठ्ठी कोणाच्या लिफाफ्यातली, हे मात्र तिला सांगता येत नाही.

अंकांच्या जगात लिफाफ्याचे काम गुणाकार करतो. हे वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहावे. शाळेतले गणित त्यास पुरेसे आहे. आपण सर्व हिशेब ३३ ने भागून उरलेल्या बाकीने करू. बँकेने ३३ आणि ३ हे दोन अंक सर्वांना जाहीर केले आहेत आणि ७ हा अंक आपल्या तिजोरीत गुप्त ठेवला आहे. एखाद्या अंकाचा सातवा घात करून ३३ ने भागले असता जी बाकी उरते ती बँकेची सही. या सहीचा घन करून पुन्हा ३३ ने भागले की मूळ अंक परत मिळतो. म्हणून सही खरी की खोटी हे कोणीही तपासू शकतो, पण गुप्त ७ ज्याच्यापाशी आहे तोच ती करू शकतो.

आता ग्राहकाने आपल्या नोटेसाठी ५ हा क्रमांक निवडला. तो झाकण्यासाठी त्याने २ हा अंक मनात धरला. २ चा घन ८. ५ गुणिले ८ म्हणजे ४०. ४० ला ३३ ने भागून बाकी ७. ग्राहक बँकेकडे हा ७ पाठवितो. बँक त्याचा सातवा घात काढते: ८,२३,५४३. त्याला ३३ ने भागून बाकी २८. ही झाली झाकलेल्या अंकावरची सही. ग्राहक २८ ला आपल्या मनातल्या २ ने भागतो. उत्तर १४. क्रमांक ५ व सही १४ मिळून त्याची नोट तयार झाली. ती खरी आहे काय? १४ चा घन २,७४४. त्याला ३३ ने भागा. बाकी ५ उरते. बँकेने उघड्या डोळ्यांनी ५ वर सही केली असती, तर तीही १४ च आली असती: ५ चा सातवा घात ७८,१२५ असून त्याची बाकी १४ आहे.

बँकेच्या दप्तरात काय उरले? ग्राहकाच्या नावासमोर ७ आणि २८. काही दिवसांनी दुकानदाराकडून तिच्याकडे आले ५ आणि १४. यांचा संबंध तिने कसा लावावा? एखाद्या दुसऱ्या ग्राहकाने ३२ क्रमांकाची नोट ५ या मनातल्या अंकाने झाकली असती तरी तिच्याकडे ७ च गेला असता, कारण ५ चा घन १२५, गुणिले ३२ बरोबर ४,०००, आणि ४,००० ला ३३ ने भागून बाकी ७ उरते. म्हणजे ७ कडे पाहून मूळ क्रमांक सांगणे हे कठीण आहे असे म्हणणेही चुकीचे ठरेल. त्या ७ मध्ये ती माहितीच नाही. कितीही वेगवान गणकयंत्र आणले तरी जी माहिती नाही ती ते कोठून काढणार? प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकी संख्या घेतात, आणि लबाडीच्या काही वाटा बंद करण्यासाठी आणखी काळज्याही घ्याव्या लागतात. एक रुपयासाठी एक गुप्त अंक व शंभर रुपयांसाठी दुसरा, अशी योजना केली की झाकलेल्या नोटेचे मूल्यही बँकेला नीट सांभाळता येते.

चौम यांनी ॲम्स्टरडॅम येथे ‘डिजिकॅश’ नावाची कंपनी काढून हे चलन बाजारात आणले, आणि १९९५ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील एका बँकेने ते ग्राहकांना देऊ केले. दुकानदार नाहीत म्हणून ग्राहक येईनात आणि ग्राहक नाहीत म्हणून दुकानदार येईनात, असे होऊन १९९८ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. दहा वर्षांनी, २००८ च्या अखेरीस, बिटकॉइनची कल्पना पुढे आली. तिला लोक निनावी म्हणतात ते बरोबर नाही. बिटकॉइनची संपूर्ण वही जगापुढे उघडी असते. तिच्यात नावांऐवजी टोपणनावे असतात इतकेच. एकदा टोपणनावामागचा माणूस कळला की त्याचा सारा मागचा-पुढचा व्यवहार वाचता येतो. टोपणनाव म्हणजे निनावीपणा नव्हे, हे मराठी वाचकाला सांगावयास नको. आपल्या साहित्यात टोपणनावामागचे लेखक कोण हे सर्वांस ठाऊक असतेच.

पश्चिम खंडातील कार्यालय

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल की हे सर्व ठीक, पण चोराचे काय? हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. त्यासाठी आपण पुन्हा रामकृष्णपुरमला जाऊ. या वसाहतीत घरांखेरीज सरकारी कार्यालयांचे मोठमोठे खंड आहेत आणि त्यांपैकी पश्चिम खंड क्रमांक १ हा अमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या मुख्यालयाचा वर्षानुवर्षांचा पत्ता होता. जून २०२३ मध्ये या विभागाने ‘एलएसडी’ या मादक द्रव्याचे सुमारे १५,००० ठिपके पकडले. व्यवहार आंतरजालाच्या गुप्त भागात झालेला, पैसा सांकेतिक चलनात चुकता केलेला आणि माल साध्या टपालासारखा पाठविलेला. घेणाऱ्याला देणारा ठाऊक नाही आणि देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही. अशा प्रकरणाचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे निनावीपणाची थोरवी गाऊ लागल्यास तो ऐकून घेईल, असे वाटत नाही.

चौम यांच्या योजनेत या आक्षेपाला एक उत्तर आहे. तेथे देणारा झाकलेला राहतो, घेणारा राहत नाही. दुकानदाराला नोट बँकेत भरावी लागते आणि भरताना त्याचे नाव येते. म्हणून लाच देणाऱ्याने मनात आणले तर आपली नोट कोणती होती हे तो सिद्ध करू शकतो, आणि लाच घेणाऱ्याच्या खात्यात ती सापडते. आज पाकिटातून दिलेल्या लाचेच्या बाबतीत एवढीही सोय नाही. विक्री लपवून कर बुडविणाऱ्यालाही हे चलन अडचणीचेच आहे. मला हा तोल फार विचारपूर्वक साधलेला वाटतो.

तथापि हे उत्तर पुरे पडत नाही, हे १९९२ साली फोन सोल्म्स आणि नाकाश या दोघा संशोधकांनी एका छोट्या निबंधात दाखविले. समजा, एखाद्याने मूल पळविले. त्याने खंडणी म्हणून नोटांची थैली मागितली नाही. आपण घरी झाकून तयार केलेले अंक त्याने बँकेला पाठविले आणि त्यांवर सह्या करून त्या वर्तमानपत्रात छापा, असे फर्मावले. बँकेने छापले. वर्तमानपत्र लाखो लोक वाचतात. पण मनातला अंक फक्त त्या दुष्टापाशी आहे, म्हणून त्या सह्यांतून नोटा फक्त तोच काढू शकतो. त्या नोटा पुढे बाजारात आल्या तरी ओळखू येत नाहीत. कोठे भेटावयाचे नाही, थैली उचलावयाची नाही, क्रमांक टिपलेल्या नोटा नाहीत. गणिताने ज्या निरुपद्रवी गृहिणीला संरक्षण दिले, त्याच गणिताने या माणसालाही दिले.

यावर १९९५ साली दुसऱ्या संशोधकांनी असा तोडगा सुचविला की, झाकण उघडण्याची किल्ली बँकेकडे न देता एखाद्या स्वतंत्र पंचाकडे ठेवावी व न्यायालयाची आज्ञा झाल्यासच ती वापरावी. तोडगा सुबक आहे. त्यात गणिताचा प्रश्न सुटतो आणि दुसरा उभा राहतो: तो पंच कोण, आणि त्याच्यावर कोणाची नजर? एक किल्ली जर सर्वांचे लिफाफे उघडू शकत असेल, तर ती चोरण्यासाठी केवढी धडपड होईल, याचीही कल्पना केली पाहिजे.

अंकीय रुपया

हा सारा विचार भारतात पुस्तकी राहिलेला नाही. १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात रिझर्व्ह बँकेच्या अंकीय रुपयाची घोषणा झाली. त्या वर्षीच्या वित्त अधिनियमाने रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातील नोटेची व्याख्या बदलून तीत अंकीय स्वरूपाचाही समावेश केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपले विचार मांडणारे टिपण प्रसिद्ध केले आणि १ डिसेंबर २०२२ पासून मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर या चार शहरांत किरकोळ व्यवहारांसाठी त्याचा प्रयोग सुरू झाला. दिल्ली पहिल्या चारांत असल्यामुळे रामकृष्णपुरममधला निवडक ग्राहकही आरंभापासून तो वापरू शकत होता.

यूपीआयमध्ये पैसा हा बँकेतल्या खात्यातलाच असतो व एका बँकेने दुसऱ्या बँकेला दिलेला तो निरोप असतो. अंकीय रुपया ही प्रत्यक्ष रिझर्व्ह बँकेची नोट आहे. फक्त ती कागदाऐवजी दूरध्वनीतल्या पाकिटात राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही. ती कागदी नोटांच्या व नाण्यांच्याच मूल्यांत काढली आहे. मार्च २०२३ अखेर असा रुपया १६.३९ कोटींचा होता. मार्च २०२५ अखेर तो सुमारे १,०१६ कोटींवर गेला. त्याच वेळी कागदी नोटा ३५ लाख कोटी रुपयांहून अधिक मूल्याच्या होत्या. दर दहा हजार रुपयांच्या कागदी नोटांमागे अंकीय रुपया तीन रुपयांहूनही कमी पडतो. वाढ मोठी दिसते, पण लोकांनी रोकड सोडून त्याच्याकडे धाव घेतली, असे कोणी म्हणू शकणार नाही. याचे एक कारण उघड आहे: ज्याला सोय हवी त्याला यूपीआय पुरेसे आहे, आणि ज्याला निनावीपणा हवा त्याला अंकीय पाकीट उघडताना बँकेत आपली ओळख द्यावीच लागते.

रिझर्व्ह बँकेला याची जाणीव आहे. लहान रकमांच्या व्यवहारांत रोकडीसारखा वाजवी निनावीपणा असणे इष्ट ठरेल, असे तिच्या २०२२ च्या टिपणातच म्हटले आहे. मे २०२४ मध्ये त्या वेळचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी असे सांगितले की, हा प्रश्न कायद्याने किंवा तंत्राने सोडविता येईल. उदाहरणार्थ, व्यवहाराची नोंद कायमची पुसून टाकून. यात एक बारीक भेद आहे. नोंद करून मग पुसणे आणि नोंद मुळातच न होऊ देणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिलीत पुसणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवावा लागतो. झाकलेल्या सहीत तसा भरवसा ठेवण्याचे कारणच उरत नाही. चौम यांच्या जुन्या कल्पनेवर उभारलेल्या चलनाची चाचणी आंतरराष्ट्रीय देणी बँकेच्या स्वित्झर्लंडमधील केंद्राने २०२३ साली ‘टूरबिलॉन’ या नावाने घेतली, तीत देणाऱ्याचे नाव गुप्त राखणे व्यवहार्य असल्याचे दिसून आले. याच चाचणीच्या आधी, २०२० च्या अखेरीपासून तीन महिने युरोपच्या मध्यवर्ती बँकेने अंकीय युरोविषयी लोकमत मागविले होते. आठ हजारांहून अधिक उत्तरे आली. त्यांत ४३ टक्के लोकांनी खासगीपणाला पहिले स्थान दिले. सुरक्षितता दुसरी आली आणि ती पुष्कळ मागे होती.

एक अडचण राहते. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने अंकीय रुपया संपर्कावाचूनही चालावा अशी योजना जाहीर केली, म्हणजे जेथे तारायंत्रणेचा संदेश पोहोचत नाही अशा घाटातल्या गावीही तो देता यावा. आता कागदी नोटेची नक्कल करणे अवघड असते, अंकांची नक्कल मात्र क्षणात होते. बँकेला विचारण्याची सोय नसता एकच नोट दोन दुकानांत दिली गेली, तर? चौम, फियाट आणि नाओर यांनी १९८८ साली याचे जे उत्तर दिले ते ऐकण्याजोगे आहे. नोटेत ग्राहकाचे नाव घालावयाचे, पण तुकडे करून. समजा वीस जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतले डावे अर्धुक एकटे निरर्थक, उजवे एकटे निरर्थक. एकाच जोडीची दोन्ही जुळली की नाव वाचता येते. दुकानदार नोट घेताना प्रत्येक जोडीतले कोणतेही एक अर्धुक आपल्या लहरीप्रमाणे मागतो. एका दुकानात नोट दिली तर वीस अर्धुकी बाहेर पडतात आणि नाव झाकलेलेच राहते. तीच नोट दुसऱ्या दुकानात दिली तर तेथला दुकानदार आपल्या लहरीने वीस अर्धुकी मागतो, आणि दोघांची निवड विसाच्या वीस वेळा तंतोतंत एक होण्याचा संभव दहा लाखांत एखादा. दोन्ही नोंदी बँकेत पोहोचल्या की कोठे ना कोठे एक जोडी जुळते आणि लबाडाचे नाव समोर येते. प्रामाणिक माणसाचे नाव त्याच नोटेत, त्याच बँकेच्या हाती असूनही, तिला कधी वाचता येत नाही.